रस्ता नागमोडी, टीप झिगझॅग: लिहिताना या चुका टाळा

ज्येष्ठाच्या वद्य पक्षात ज्ञानोबांची पालखी पुण्याचा मुक्काम हलवून सासवडकडे निघाली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दिवे घाटाचा फोटो ठरलेला. वरून टिपलेला, पांढऱ्या टोप्यांचा आणि भगव्या पताकांचा. खाली ओळही ठरलेली: ‘घाटाच्या नागमोडी वळणांवर...’ पुढचं तुम्हाला पाठ आहे. गुळगुळीत झालेली ओळ, पण शब्द बिनचूक. घाटातून वर सरकणारी ती दिंड्यांची रांग खरोखरच एखाद्या लांबलचक नागासारखी दिसते.

त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर दिवाळी अंकाची मुद्रितं येऊ लागतात. (हो, ज्येष्ठातच. दिवाळी अंकाची दिवाळी आधी आणि पैसे नंतर.) त्यात एका कथेत ‘आभाळात विजेची नागमोडी रेघ’ उमटते, दुसरीत सुताराच्या हातात ‘नागमोडी दातांची करवत’ असते आणि तिसरीत दारू प्यायलेला नवरा ‘नागमोडी चालत’ घरी येतो. विजेला, करवतीला आणि नवऱ्याला एकच शब्द! इंग्रजीतला झिगझॅग डोक्यात येतो आणि हात आपोआप नागमोडीकडे जातो. तिथूनच सगळा घोळ सुरू होतो.

मी स्वतः एक साधा प्रश्न विचारतो: ही रेघ वळतेय की मोडतेय?

नाग वळतो, करवत मोडते

नागाच्या अंगाला कोपरा नसतो. तो डावीकडे जातो, गोलाई घेतो, उजवीकडे येतो, पुन्हा गोलाई. म्हणून नदी नागमोडी, घाटरस्ता नागमोडी, डोंगरउतारावरची पायवाट नागमोडी. शाळेतला भूगोल आठवा. नदी मैदानात आली की ‘नागमोडी वळणं’ घेते आणि एखादं वळण मूळ प्रवाहापासून तुटलं की त्याचं ‘नालाकृती सरोवर’ होतं. नाल म्हणजे घोड्याची नाल, तीही गोलच. आपल्या जिल्ह्यातून वाहणारी भीमा पंढरपुरात पोचल्यावर चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिथे ती चंद्रभागा. या सगळ्या भाषेत कोन कुठेच नाही.

झिगझॅगचा स्वभाव नेमका उलटा. हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, त्याआधी तो जर्मन होता आणि त्याच्या मुळाशी ‘दात’ किंवा ‘टोक’ या अर्थाचा जर्मन शब्द असावा असं मानतात. सुरुवातीला तो किल्ल्यांच्या वेढ्यांशी जोडलेला दिसतो. किल्ल्याकडे सरळ चर खणला तर बुरुजावरची तोफ तो पुऱ्या लांबीत भाजून काढणार. म्हणून चर तिरका न्यायचा, खटकन दिशा बदलायची, पुन्हा तिरका न्यायचा. दर मोडणीला कोन, आणि तो कोनच जीव वाचवणारा. तिथे नागासारखी सुबक गोलाई काय कामाची?

तर दातांच्या या रेघेला आपल्याकडे शब्द नाहीत का? आहेत, पण ते आपण कपाटात ठेवून दिलेत. दातेरी. करवती. वनस्पतिशास्त्रात पानाची कड दंतुर. विदर्भातली टसरची करवतकाठी साडी पाहिली असेल, तिच्या काठावर करवतीच्या दात्यांची ओळ विणलेली असते आणि साडीचं नावच त्यावरून पडलंय. ‘करवतकाठी’ म्हटलं की काठ डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘नागमोडी काठाची साडी’ म्हटलं की वाचणाऱ्या बाईला वेलबुट्टी दिसणार.

हे मी एवढ्या ठामपणे सांगतोय कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका लेखिकेनं ‘करवती काठ’ लिहिलं होतं. मला ते ‘करवतीचा काठ’ असल्यासारखं, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं आणि मी तिथे ‘नागमोडी काठ’ करून टाकलं. अंक छापून आला. लेखिकेचा फोन आला. त्या मूळच्या भंडाऱ्याच्या. त्या रागावल्या नाहीत, फक्त विचारलं, ‘‘तुम्ही ही साडी कधी हातात घेतलीय का?’’ तेव्हापासून कापडाबद्दलचा शब्द बदलण्याआधी मी घरात विचारतो.

मग विजेचं काय? वीज वळत नाही, मोडते आणि तिला फाटे फुटतात. ‘विजेची वाकडीतिकडी रेघ’ चालेल, ‘वीज फाटत खाली आली’ त्याहून बरं. आणि खरं सांगायचं तर कथेत वीज नुसती कडाडली तरी पुरतं.

एक सूट मात्र देतो. घाटात जिथे रस्ता जवळजवळ उलट फिरतो, ड्रायव्हर पहिला गिअर टाकतो आणि मागच्या सीटवरची मुलं पिशवी मागतात, तिथे कोन बराच टोकदार असतो. तरीही त्याला नागमोडीच म्हणा. जुन्या कात्रज घाटाला ‘करवती रस्ता’ म्हणणाऱ्याला लोक हसतील. शब्दाला तर्कापेक्षा वहिवाट जास्त मानवते.

गाडी वाकडी की चालवणारा?

पुण्यात राहून दुचाकीबद्दल लिहायचं नाही असं होत नाही, त्यामुळे हे वाक्य माझ्याकडे दर महिन्याला एकदा तरी येतं: ‘त्याने वेडीवाकडी गाडी चालवली.’

वाचा बरं नीट. वेडीवाकडी काय आहे? गाडी. म्हणजे कुठेतरी आपटून हँडल तिरकं झालेली, मडगार्ड चेपलेलं, अशी ती गाडी त्यानं चालवली. लेखकाला म्हणायचं होतं की चालवण्याची रीत वेडीवाकडी होती. इलाज एका शब्दाच्या उडीएवढा: ‘त्याने गाडी वेडीवाकडी चालवली.’ विशेषण नामाच्या पुढून उचलून क्रियापदाच्या पुढे ठेवलं की ते रीत सांगायला लागतं. ‘नागमोडी गाडी’चंही तेच. नागमोडी गाडी अजून कुठल्या शोरूमला आलेली नाही.

गंमत अशी की क्रियापदाच्या पुढे गेल्यावरही हा शब्द आपलं लिंग-वचन सोडत नाही. तो वेडावाकडा धावला, ती वेडीवाकडी धावली, पोरं वेडीवाकडी धावली. कर्मणी प्रयोगात तो कर्माच्या मागे जातो: गाडी वेडीवाकडी चालवली, ट्रक वेडावाकडा चालवला. आणि कर्माला ‘ला’ लागून भावे प्रयोग झाला की नपुंसकलिंगी होऊन बसतो: दोरीला वेडंवाकडं ओढलं. बोलताना हे कुणाला शिकवावं लागत नाही. लिहिताना मात्र लोक पहिला तुकडा गोठवून ठेवतात आणि दुसराच फिरवतात. ‘वेडावाकडी रेघ’, ‘वाकडातिकड्या फांद्या’, ‘आडवातिडवी शिवण’ असले जोड मला सर्रास भेटतात. जोडशब्दाचे दोन्ही पाय एकदम उचलायचे असतात:

वेडीवाकडी रेघ, वेड्यावाकड्या रेघा, वेड्यावाकड्या रेघांनी.
वाकडंतिकडं खोड, वाकडीतिकडी खोडं, वाकड्यातिकड्या खोडांवर.

यातले ‘तिकडा’ आणि ‘तिडवा’ एकटे उभे राहत नाहीत. वाकडा आणि आडवा यांना ठेका देण्यासाठी जोडलेले ते अंशाभ्यस्त तुकडे, म्हणजे आधीचाच शब्द थोडा बदलून पुन्हा आलेला. झिगझॅगमध्येही तोच ठेका आहे, पहिल्या अर्ध्याला दुसऱ्यानं वेगळ्या स्वरात दिलेला जबाब. म्हणून लयीला लय हवी असेल, मुलांच्या गोष्टीत वगैरे, तर ‘वाकडातिकडा’ झिगझॅगला सगळ्यात जवळचा. मात्र त्यात शिस्त नसते. झिगझॅगला एक नेम असतो, डावं-उजवं-डावं-उजवं. वाकड्यातिकड्याला कसलाही नेम नाही.

‘नागमोडी’ला हा लिंग-वचनाचा त्रास नाही. ईकारान्त असल्यामुळे ते जसंच्या तसं राहतं: नागमोडी रस्ता, नागमोडी नदी, नागमोडी वाटेने. मात्र त्याला ‘पणे’ चिकटवू नका. ‘नागमोडीपणे’ हा शब्द फक्त भाषांतरात जन्मतो. वाट नागमोडी असते, माणूस नागमोडी वाटेने जातो किंवा नागमोडी वळणं घेत जातो. ‘आम्ही सिंहगड नागमोडी चढलो’ असं एका ट्रेकच्या लेखात आलं होतं. आतकरवाडीकडून चढणाऱ्याला कळतं काय म्हणायचंय ते. छातीवरची चढण आली की माणूस नाकासमोर जात नाही, तिरपा तिरपा जातो. अंतर वाढतं पण दम कमी लागतो. मग तेच लिहा ना, ‘तिरपे तिरपे चढत गेलो’.

(पुण्याच्या वाकड उपनगरात राहणाऱ्यांनी ‘वाकडचा रस्ता’ आणि ‘वाकडा रस्ता’ यांतला फरक मोबाइलच्या कीबोर्डवर एकदा तपासून घ्यावा. दोन्ही खरं असेल, पण तरीही.)

जिथे अर्थच पालटतो

ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ‘वेडंवाकडं’ नपुंसकलिंगात एकटं आलं की त्याचा रेघेशी संबंध संपतो. ‘काही वेडंवाकडं झालं तर’ म्हणजे काही अशुभ झालं तर. ‘तिने काही वेडंवाकडं तर केलं नाही ना?’ हे वाक्य कुठल्या घरात, कुठल्या आवाजात उच्चारलं जातं ते आपल्याला ठाऊक आहे. आता हे पाहा, एका अपघाताच्या लेखातलं: ‘समोर कुत्रं आल्यावर त्यानं घाबरून वेडंवाकडं केलं.’ लेखकाला म्हणायचं होतं, हँडल डावी-उजवीकडे वळवलं. वाचणाऱ्याच्या मनात भलतंच. ‘हँडल वेडंवाकडं वळवलं’ म्हणा, वळवण्याची वस्तू डोळ्यांपुढे ठेवा, धोका टळतो.

‘वाकडं’ही असंच तिखट. वाकड्यात शिरणं म्हणजे भांडण काढणं, आणि वाकडं पाऊल म्हणजे काय ते सांगायला नको. ‘आडवातिडवा देह’ हा झिगझॅग देह नव्हे, दणकट देह. ‘आडवळणाने बोलणं’ म्हणजे थेट न बोलणं. आणि ‘वाकडी वाट करून’ येणं हा तर जिव्हाळ्याचा प्रकार. कुणी हडपसरहून कोथरूडला जाताना वाकडी वाट करून तुमच्या घरी आलं, तर रस्ता कसा होता हे त्यात नाही, तुमच्यासाठी त्यानं फेरा घेतला हे आहे. अलीकडे एका मुलाखतीच्या अनुवादात ‘नागमोडी वाट करून भेटायला आले’ असं वाचलं. वाक्प्रचारातला शब्द बदलला की उरते फक्त वाट.

‘वळण’ या शब्दाकडेही लक्ष असू द्या. अक्षराला वळण असतं, मुलाला वळण लावतात. ‘त्याचं अक्षर वळणावळणाचं आहे’ म्हटलं तर स्तुती की तक्रार ते कळत नाही. ओळ वरखाली जात असेल तर ‘ओळी नाचतात’ म्हणा.

एकाआड एक

परीक्षेच्या बातम्यांत ‘झिगझॅग पद्धतीने बैठकव्यवस्था’ हमखास दिसते. म्हणजे काय, तर पुढच्या बाकावर मुलगा डाव्या टोकाला, मागच्यावर उजव्या, त्यामागे पुन्हा डाव्या. इथे ना नागमोडी चालेल ना वाकडीतिकडी. हातातला शब्द आहे ‘एकाआड एक’. ज्या शहरात उन्हाळा आला की दिवसाआड पाण्याची चर्चा सुरू होते, तिथे ‘आड’ समजावून सांगायची गरज पडू नये. ‘मुलांना बाकांच्या एकाआड एक टोकाला बसवलं.’ संपलं.

पण जिथे झिगझॅग हे तंत्राचंच नाव आहे तिथे मराठीचा हट्ट नको. वीटभट्ट्यांचं उदाहरण घ्या. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या २०२२ च्या अधिसूचनेत भट्ट्यांनी जी कमी धूर करणारी तंत्रं स्वीकारायची, त्यांत झिगझॅग भट्टी आहे. आतल्या विटा अशा रचायच्या की गरम हवा सरळ न जाता तिरक्या येरझाऱ्या घालत पुढे जाते, त्यामुळे जळण नीट जळतं. याचा अनुवाद कुणी ‘नागमोडी भट्टी’ असा केला तर भट्टीवाला भट्टीचाच आकार नागमोडी समजेल. तंत्राचं नाव तसंच ठेवा आणि पुढच्या वाक्यात हवेचा मार्ग सांगा.

चाल कुणाची, त्यावर शब्द

रेघ स्थिर असते, चाल जिवंत. मराठीची खरी श्रीमंती इथे आहे, आणि नेमकी इथेच आपण एका झिगझॅगवर भागवतो.

दारुडा झोकांड्या खातो, भेलकांडतो. त्याच्या चालीत कोन आहे की गोलाई हा प्रश्नच नाही, तोल नाही हे महत्त्वाचं. ससा किंवा कबड्डीपटू हुलकावणी देतो, कारण त्याला समोरच्याला फसवायचंय. सिग्नल सुटल्यावर गाड्यांमधून शिरणारा पोरगा कट मारत जातो. छापील मराठीत हा शब्द बरा दिसत नाही म्हणून संपादक तो काढतात, पण संवादात तो राहू द्या, कर्वे रस्त्यावर कुणीही ‘वक्रगतीने’ गेलेलं मी पाहिलेलं नाही. शेअरबाजार हेलकावे खातो, पुढारी कोलांट्याउड्या मारतात. दोघांच्याही आलेखाला करवतीचे दात असतात ते वेगळं.

आणि खो-खो. या खेळाचे नियम १९१४ च्या सुमारास पुण्यातच, डेक्कन जिमखान्याच्या समितीनं बांधले, तेव्हा उदाहरण घरचंच. आठ जण एका ओळीत बसलेले, एकाचं तोंड इकडे तर पुढच्याचं तिकडे, इथेही एकाआड एक. पाठलाग करणाऱ्याला मधली रेषा ओलांडायची मुभा नाही, घेतलेली दिशा मध्येच सोडायची नाही. पळणाऱ्याला मात्र कुठल्याही दोघांमधून शिरता येतं. मग तो बसलेल्यांच्या मधून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असा विणत जातो. मैदानावर याला ‘साखळी’ म्हणतात. एका क्रीडालेखात मी ‘खेळाडू झिगझॅग पळत राहिला’ हे काढून ‘खेळाडूने साखळी धरली’ असं केलं. लेखक स्वतः शाळेत खो-खो खेळलेले. म्हणाले, ‘‘हे मला का नाही सुचलं?’’ सुचणार कसं, लिहायला बसलं की आपण मैदान विसरतो.

शुद्धतेच्या नादात

परका शब्द टाळायचा म्हणून काही जण संस्कृताकडे वळतात. वळावं, पण पाहून. ‘सर्पिल’ हा त्यातला सगळ्यात फसवा. ऐकायला नागमोडीचा थोरला भाऊ वाटतो, पण खगोलशास्त्राच्या मराठीत सर्पिल म्हणजे मध्याभोवती गुंडाळत गेलेलं, जशी सर्पिल दीर्घिका, म्हणजे स्पायरल गॅलेक्सी. ‘सर्पिल रस्ता’ लिहिलात तर गाडी जागच्या जागी फिरत राहील. ‘वक्र’ म्हणजे एकच बाक, डावं-उजवं त्यात नाही. आणि ‘वक्री’ लिहिलंत की वाचक पंचांग उघडतो.

संस्कृतात झिगझॅगला नेमका शब्द आहे, आणि तो इतका घरगुती आहे की शुद्धतावाद्यांनाच ओशाळं वाटतं: गोमूत्रिका. बैल चालता चालता मुततो तेव्हा धुळीत जी डावी-उजवी रेघ उमटते ती. चित्रकाव्यात, म्हणजे अक्षरांच्या मांडणीतून आकृती साधणाऱ्या काव्यात, ‘गोमूत्रिकाबंध’ नावाचा प्रकार आहे. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’च्या १५ व्या सर्गात तो सापडतो. श्लोकाच्या दोन ओळी एकाखाली एक लिहायच्या आणि एक अक्षर वरचं, पुढचं खालचं, असं तिरकं तिरकं वाचत जायचं. तसं वाचलं तरी तीच ओळ हाती येते, कारण दोन्ही ओळींतलं एकाआड एक अक्षर सारखंच असतं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कवीला झिगझॅगमधला नेम बरोब्बर कळला होता. तुम्ही तो शब्द रोजच्या लेखात वापरावा असा माझा आग्रह नाही. रांगोळीवर लिहीत असाल तर जरूर वापरून पाहा.

लिहायचंच असेल तर

‘झिगझॅग’. दुसऱ्या झ वर अर्धचंद्र, मध्ये आडवी रेघ नको. ‘झिगझाग’ आणि ‘झिगझ्याग’ जुन्या छपाईत दिसतात, आता नकोत. वाचताना एक अडचण राहते. ‘माझा’तला झ आणि ‘माझी’तला झ आपण वेगळे उच्चारतो, आणि ‘झि’ दिसला की जीभ ‘माझी’कडे जाते. त्याला लिपीत इलाज नाही, कानानं निभावून न्यायचं. या शब्दाला मराठी प्रत्ययांचं ओझंही घालू नका. झिगझॅग टीप, झिगझॅग रांग, इतपत तो सुखानं नांदतो. ‘झिगझॅगी’, ‘झिगझॅगदार’ म्हटलं की तो जाहिरातीतला वाटतो.

टिपेवरून आठवलं. मागे बायकोच्या साडीला फॉल-पिको करून घ्यायला लक्ष्मी रस्त्याच्या एका बोळात गेलो होतो. पिको म्हणजे दाट झिगझॅग टीपच. कापडाच्या कडेवरून सुई एकदा आत, एकदा बाहेर पडत जाते, म्हणून सुतं निघत नाहीत. नुकताच हा सगळा विषय डोक्यात घोळत होता, तेव्हा मी मुद्दाम मराठीत म्हणालो, ‘‘काका, जरा नागमोडी टीप मारा.’’

त्यांनी मशीनवरचा पाय काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि साडीची कड दिव्याखाली धरून इंचाइंचानं पाहिली.

‘‘कुठे गेलीय वाकडी? दाखवा, उसवून देतो.’’